एका सुताचा घोळ

पोस्ट मोठी आहे, सवडीनं वाचा. यात राजकारण नाही. म्हणजे जवळजवळ नाही.

तारीख ३० जुलै २०२३, वार रविवार. एक रुपयात पीक विम्याचं ते पहिलंच वर्ष आणि दुसऱ्या दिवशी अर्जाची मुदत संपत होती. (पुढे तीन दिवस वाढवून मिळाले, पण रविवारी ते कुणाला ठाऊक?) माझ्या ऑफिसशेजारच्या सेवा केंद्रापुढे सकाळी सातलाच रांग लागलेली. कुणाच्या हातात सातबारा, कुणाच्या आठ-अ, कुणी पासबुकाची झेरॉक्स पावसात भिजू नये म्हणून खताच्या पिशवीच्या तुकड्यात गुंडाळून आणलेली. केंद्रात मशीन दोन. सर्व्हर मनात आलं तर चाले, नाहीतर गोल गोल फिरत बसे. साडेदहाच्या सुमारास दोनपैकी एक मशीन आपोआप बंद पडलं. चालू केलं, पाच मिनिटं चाललं, परत बंद. तिसऱ्या वेळी तर विंडोज यायच्या आतच गेलं.

केंद्र चालवणारं पोरगं धावत माझ्याकडे आलं. "दादा, सीपीयू गेला. चला बरं जरा."

आपल्याकडे सीपीयू म्हणजे अख्खा डबा. खरा सीपीयू म्हणजे त्या डब्यात मदरबोर्डवर बसलेली चौकोनी चिप, आपला प्रोसेसर. त्याच्या डोक्यावर अ‍ॅल्युमिनियमच्या पात्यांचा एक गठ्ठा असतो, त्यावर पंखा. या दोन्हींना मिळून कूलर म्हणतात. गेवराईत कूलर म्हटलं की खिडकीतला पाण्याचा कूलर डोळ्यासमोर येतो, तो हा नव्हे. पण काम तेच, गार ठेवायचं.

डबा उघडला तर कूलरचा पंखा जाम. आपला तालुका कापसाचा. दिवाळीनंतर जिनिंग सुरू झाल्या की हवेत जी बारीक रुई उडते ती सगळीकडं जाते, आणि कॉम्प्युटरचा पंखा ती मन लावून आत ओढतो. पात्यांच्या फटीत रुई, धूळ आणि उदबत्तीची राख मिळून नमदा झालेला. (केंद्रात सकाळी उदबत्ती लावतात, ती नेमकी डब्यापाशी.) साफ केलं, पण पंख्याचं बेअरिंगच गेलं होतं. पंखा फिरला नाही की प्रोसेसर तापतो. शंभर अंशांच्या आसपास पोचला की स्वतःचा वेग कमी करतो, आणि तरीही ताप वाढला तर जीव वाचवायला मशीनच बंद करतो. बिघाड नाही तो, शहाणपण आहे. पण रांगेतल्या माणसाला शहाणपणाचं काय?

नवा कूलर चार-पाचशे रुपयांना मिळतो. बीडला. रविवारी दुकान बंद. संभाजीनगरहून मागवला तर मंगळवारी हातात.

माझ्या ऑफिसच्या माळ्यावर एक जुनं पेंटियम डी मशीन पडून होतं. २००६-०७ च्या काळात त्यावर मी पानं लावायचो. त्याचा कूलर काढून आणला. मधोमध तांब्याचा गोळा, भारी वजन, पंखा चकाचक. पेंटियम डी हा फार तापट प्रोसेसर होता, ९५ ते १३० वॅट खाणारा. केंद्रातल्या मशीनमधला आय-थ्री ५४ वॅटचा. म्हणजे बैलगाडीची पेंडी ओढायला ट्रॅक्टर. मी खूश. मदरबोर्डवर ठेवला आणि तोंड उतरलं. चार पायांच्या चार खिट्ट्या, बोर्डाला चार भोकं, आणि एकाचाही मेळ नाही. अगदी जवळ येऊन चुकतात. नखाएवढा फरक.

घाई माणसाला मूर्ख करते. मी चार केबल टाय घेतले, भोकांतून ओवून कूलर आवळून बांधला. डबा उभा केला, चालू केलं. दहा मिनिटांत बंद. उभ्या डब्यात कूलर आडवा लटकतो, वजनानं वरची कड सुटली होती. प्रोसेसर आणि तांबं यांच्यात कागद जाईल एवढी फट पडली तरी उष्णता जात नाही, कारण मधे हवा येते आणि हवा उष्णतेला अडवते. गोधडी ऊब धरून ठेवते ती याच गुणानं.

तसाच बोर्ड आणि कूलर पिशवीत घालून लेथवाल्या मामांकडे गेलो. मामांनी आयुष्यभर पाणबुड्या मोटारींचे शाफ्ट, उसाच्या ट्रॉल्यांचे हब आणि ट्रॅक्टरच्या पिना केल्या. कॉम्प्युटरचं पोट त्यांनी पहिल्यांदाच पाहिलं. चष्मा कपाळावरून खाली घेतला, पट्टी लावली.

"कामून बसंना?"

"मामा, याच्या भोकांचं अंतर बहात्तर मिलिमीटर, बोर्डाचं पंच्याहत्तर. तीनचा फरक हाय."

"म्हणजे सूतभर." एवढं बोलून त्यांनी कानस शोधायला घेतली.

एक इंच म्हणजे आठ सूत. एक सूत म्हणजे तीन मिलिमीटरला थोडं जास्त. सुतार-लोहारांच्या मापातला हा सर्वात लहान आकडा, ज्याच्या खाली "जरासं" सुरू होतं. त्या एका सुतानं आपल्या तालुक्यातले किती कॉम्प्युटर भंगारात गेले असतील, हा विचार माझ्या डोक्यात तिथं घुसला आणि आजवर गेलेला नाही. तेव्हापासून जमेल तसं वाचत गेलो. ही भोकं इकडची तिकडं का गेली त्याची गोष्ट पुढं सांगतो.

१९८१ साली आयबीएमचा पहिला पीसी आला तेव्हा त्याच्या प्रोसेसरवर कूलर नव्हताच. लागतच नव्हता. ४८६ नावाची चिप १९८९ ला आली, ती जसजशी वेगवान होत गेली तसतसे तिच्यावर पात्यांचे छोटे गठ्ठे आले. १९९३ ला पेंटियम आला आणि पंखा डोक्यावर कायमचा बसला. १९९५ च्या आसपास सॉकेट ७ नावाची बैठक आली. सॉकेट म्हणजे बोर्डावरची ती जागा जिथं प्रोसेसर बसतो. या बैठकीची गंमत अशी की तिच्यात इंटेलचाही प्रोसेसर बसे, एएमडीचाही आणि सायरिक्सचाही. आणि कूलर अडकवायला सॉकेटच्याच दोन बाजूंना दोन प्लास्टिकचे कान होते. एक स्प्रिंगची पट्टी, इकडून अडकवली, तिकडून दाबली, झालं. बोर्ड कुणाचा, चिप कुणाची, कूलर कुणाचा, काही विचारायचं काम नाही. धर्मशाळाच.

कंपन्यांना धर्मशाळा परवडत नाही. १९९७ ला इंटेलनं पेंटियम टू आणला आणि सॉकेटच मोडून टाकलं. प्रोसेसर एका मोठ्या कॅसेटसारख्या खोक्यात, तो उभा एका खाचेत घुसवायचा. त्या खाचेचं नाव स्लॉट १, आणि तिथं दुसऱ्या कंपनीला प्रवेश नाही. एएमडी काही दिवस जुन्या सॉकेट ७ लाच ठोकठाक करून वापरत राहिली, मग १९९९ ला तिनं आपला स्लॉट ए काढला. कनेक्टर दिसायला तोच, फक्त उलटा फिरवलेला. दोन भावांनी वाटणीनंतर एकाच वाड्याला दोन दिशांनी दारं काढावीत तसं.

पण याच काळात कुणीतरी एक छोटी पट्टी काढली. तिला स्लॉकेट म्हणत. इंटेल परत सॉकेटवर आली, सॉकेट ३७० वर. तेव्हा ज्यांच्याकडं स्लॉटवाले जुने बोर्ड होते त्यांनी काय करायचं? तर या पट्टीवर नवा चौकोनी प्रोसेसर बसवायचा आणि पट्टी जुन्या खाचेत खोचायची. बोर्ड वाचला. माझ्या वाचनात आलेल्या सगळ्या जुगाडांत हा मला सर्वात देखणा वाटला, कारण तो राजरोस दुकानात मिळायचा.

सॉकेट ३७० आणि एएमडीचं सॉकेट ए, दोन्हींनी ते जुने कान ठेवले होते, त्यामुळं कूलर बऱ्यापैकी इकडचा तिकडं चाले. मात्र प्रोसेसर आता भलतेच तापू लागले होते. २००१ साली टॉम्स हार्डवेअर या संकेतस्थळानं एक व्हिडिओ केला: मशीन चालू असताना कूलर काढून टाकायचा आणि काय होतं ते बघायचं. इंटेलचा पेंटियम फोर हळू झाला, पण चालत राहिला आणि जगला. एएमडीच्या अ‍ॅथलॉनमधून धूर निघाला. त्यानंतर कूलर ही फुकट येणारी वस्तू राहिली नाही, तो यंत्राचा भाग झाला. वजन वाढलं. अर्धा किलोचा गठ्ठा दोन प्लास्टिकच्या कानांवर लटकवणं शक्य नव्हतं, म्हणून त्याला बोर्डातच भोकं पाडून धरायची पद्धत आली. आणि घोळाला खरी सुरुवात तिथंच झाली, कारण भोकं आली म्हणजे अंतर आलं.

जून २००४. इंटेलचं सॉकेट ७७५. चार भोकं, चौकोनात, बाजू ७२ मिलिमीटर. कूलरला चार खिट्ट्या, वरून दाबल्या की टक् आवाज करून बोर्डाच्या मागं फाकतात. स्क्रू नाही, पान्हा नाही. ही बैठक पाच वर्षं टिकली, आणि नेमकी हीच पाच वर्षं आपल्यासारख्या गावांत कॉम्प्युटर पसरला. महाराष्ट्र ज्ञान महामंडळ २००१ ला स्थापन झालं, एमएस-सीआयटीचं वारं सुटलं, सरकारी नोकरीला सर्टिफिकेट लागू लागलं आणि तालुक्याच्या गावी एकेका केंद्रात दहा-दहा, वीस-वीस मशीन आली. सायबर कॅफे आले. खिळे जुळवणारे छापखाने डीटीपीवर गेले. लग्नपत्रिकावाले, फोटोवाले, पतसंस्था, शाळा. या सगळ्यांकडं ७७५. त्यामुळं आजही गेवराईत कुठल्याही माळ्यावर चढा, ७२ मिलिमीटरचा एक तरी कूलर हाताला लागतो. पुरातत्त्ववाले खापराच्या रंगावरून काळ ओळखतात, तसं आपण खिट्ट्यांवरून ओळखू शकतो.

सप्टेंबर २००९. सॉकेट ११५६. भोकांचं अंतर ७५.

आता मजा बघा. जुना प्रोसेसर साडेसदतीस मिलिमीटर चौरस होता. नवाही साडेसदतीस चौरसच. चिपची मांडणी एक सुतानंही वाढली नव्हती. वाढली होती ती चिपला दाबून धरणारी लोखंडी चौकट. नव्या चौकटीला स्वतःची बॅकप्लेट आली, स्क्रू आले, त्यांना जागा लागली आणि कूलरची भोकं बाहेर सरकली. इंजिनिअर म्हणतील कारण होतं. असेल. मी डिप्लोमावाला पत्रकार, त्यांच्याशी वाद घालणार नाही. पण ते तीन मिलिमीटर सोसले कुणी, एवढं मात्र मी विचारू शकतो. कारखान्यानं साचा एकदा बदलला. जगभरच्या माळ्यांवरचे कूलर एका दिवसात बिनकामाचे झाले.

पुढं ११५५, ११५०, ११५१, १२०० अशी सॉकेटं बदलत गेली. प्रोसेसर एकातला दुसऱ्यात चालत नसे, पण भोकं तेवढी ७५ वरच राहिली. २००९ ते २०२१. म्हणजे मनात आलं तर बारा वर्षं अंतर तेच ठेवता येतं, हे त्याच कंपनीनं दाखवून दिलं. मग २०२१ च्या नोव्हेंबरात सॉकेट १७०० आलं आणि अंतर झालं ७८. या वेळी चिप खरंच लांबट झाली होती, साडेसदतीस बाय पंचेचाळीस, तेव्हा तक्रारीला जागा कमी. पुन्हा तीन मिलिमीटर. पुन्हा सूत.

याच २०२१ मध्ये दोघांनी वेगळं केलं. ऑस्ट्रियातल्या नॉक्टुआ नावाच्या कूलर बनवणाऱ्या कंपनीनं जुन्या गिऱ्हाइकांना नव्या सॉकेटचे क्लिप-स्क्रू फुकट पाठवले, खरेदीची पावती दाखवली की झालं. आणि असूसनं आपल्या बऱ्याच बोर्डांवर दोन्ही मापांची भोकं पाडून दिली, ७५ चीही आणि ७८ चीही. चार जास्तीची भोकं. बस. पुढच्या वर्षी, २०२२ ला, एएमडीनं एएम४ बदलून एएम५ आणलं, पिना चिपवरून काढून सॉकेटमध्ये घातल्या, सगळं आतून उलटंपालटं केलं, पण कूलरची भोकं जिथल्या तिथं ठेवली. २०१६-१७ चा कूलर बहुतेक वेळा नव्यावर बसतो. मला कुणी म्हणालं की बदल म्हटलं की मोडतोड होणारच, तर मी ही तीन उदाहरणं देतो.

मराठवाड्याच्या माणसाला हे नवं नाही. माप न जुळण्याचा भोग आपल्या वाडवडलांनी रेल्वेच्या रुळांवर भोगलाय. १८९७ ला एव्हरार्ड कॅलथ्रॉप नावाच्या इंग्रज इंजिनिअरनं कुर्डुवाडी-बार्शी छोटी रेल्वे सुरू केली, रुळांतलं अंतर ७६२ मिलिमीटर. १९११ ला ती लातूरला पोचली. तिकडं मोठ्या लाइनीचं अंतर १६७६. लातूरचा माल कुर्डुवाडीला यायचा, तिथं हमालांच्या पाठीवरून एका डब्यातून दुसऱ्या डब्यात जायचा. इकडं निजामाची मनमाड-औरंगाबाद-जालना लाइन मीटर गेजची, म्हणजे १००० मिलिमीटर. मनमाडला पुन्हा तीच उतरवाउतरव. एकाच मुलखात तीन मापं. मनमाडकडची लाइन नव्वदच्या दशकात रुंद झाली, लातूरकडची त्याहून उशिरा. कॅलथ्रॉपची रेल्वे स्वस्त होती, तिच्यामुळं बार्शी-लातूरची बाजारपेठ उभी राहिली, हे खरंच आहे. आणि कुर्डुवाडीच्या फलाटावर पोती वाहणाऱ्यांची कंबर मोडली, हेही.

माझ्या धंद्यातलं एक सांगतो. युनिकोड यायच्या आधी, आणि आल्यावरही बरीच वर्षं, मराठीची दोन सॉकेटं होती: श्रीलिपी आणि आकृती. बीडहून बातमी आकृतीत यायची, आमच्याकडं श्रीलिपी. फाइल उघडली की मुख्यमंत्र्यांच्या नावाच्या जागी ठिपके, कंस आणि टक्केवारीची चिन्हं. अक्षर तेच, भाषा तीच, फक्त कुठल्या आकड्याला कुठलं अक्षर हे दोन कंपन्यांनी वेगवेगळं ठरवलेलं. रात्री अकराला पूर्ण बातमी परत टाइप केलेली मी कित्येकदा. त्यातून सुटका झाली ती सगळ्यांनी एकच तक्ता मानल्यामुळं. तो तक्ता १९९१ लाच तयार होता. आमच्या टेबलावर यायला त्याला पंधरा-वीस वर्षं लागली.

बरं, मामांकडं परत येऊ, ते कानस घेऊन थांबलेत.

पोरगं म्हणालं, "बोर्डालाच ड्रिल मारू ना दादा, दीड मिनिटाचं काम." मी त्याचा हात धरला. मदरबोर्ड म्हणजे एक पत्रा नव्हे. त्यात आत थरावर थर असतात आणि प्रत्येक थरात केसासारख्या तांब्याच्या रेषा. वरून रिकामी दिसणारी जागा आतून रिकामी नसते. एक भोक चुकलं की बोर्ड मेला. त्यामुळं नियम एकच: बदलायचा तो कूलर, बोर्ड नाही.

हिशेब असा. चौकोनाची बाजू तीन मिलिमीटरनं मोठी करायची, म्हणजे प्रत्येक भोक दीड मिलिमीटर बाजूला आणि दीड मिलिमीटर खाली सरकवायचं. तिरपं मोजलं तर दोनच्या थोडं वर. मामांनी चारही खिट्ट्या उपटून काढल्या. खिट्टी जाडजूड असते, ती गेल्यावर कूलरच्या पायातलं भोक मूळचंच ऐसपैस निघालं. त्याला कानशीनं बाहेरच्या कोपऱ्याकडं जरा लांबट केलं. प्लास्टिक होतं, चार पायांना दहा मिनिटं लागली. मग लांब बारीक बोल्ट वरून घातले, पायावर रुंद वायसर टाकले म्हणजे लांबट भोकातून बोल्टचं डोकं घुसणार नाही. बोर्डाच्या मागून नट. पण लोखंडी नट बोर्डाच्या पाठीला टेकला तर शॉर्ट होईल, म्हणून मधे फायबरचे वायसर. मामांनी स्वतःच्या डोक्यानं त्याखाली सायकलच्या ट्यूबच्या चकत्या घातल्या. "जरा दाबलं तर दबलं पायजे, नाहीतर काच तडकल्यावानी तडकंल," म्हणाले. मूळ कूलरमध्ये हेच काम स्प्रिंग करते, हे त्यांना कुणी सांगितलेलं नव्हतं.

आवळायचं कसं, हेही त्यांनीच ठरवलं. ट्रॅक्टरच्या चाकाचे नट आवळतात तसं, समोरासमोर, आधी हा अर्धा आटा, मग त्याच्या समोरचा अर्धा आटा. एक पूर्ण आवळून मग दुसरा घेतला असता तर बोर्ड वाकला असता.

पेस्ट उरली होती थोडी, ऑफिसातल्या ड्रॉवरमध्ये. प्रोसेसर आणि तांबं यांच्यामधली ती करडी पेस्ट तांदळाच्या दाण्याएवढी पुरते. ती फक्त बारीक खड्डे भरायला असते. आपल्याकडं काहीजण टूथपेस्ट लावतात. चालते, खोटं नाही, पण तिच्यातलं पाणी वाळलं की खडू होतो आणि मग मशीन पुन्हा बंद. तो प्रयोग करू नका.

दीड वाजता मशीन चालू झालं. बायोसमध्ये तापमान बघितलं, पंचेचाळीस. रांगेतल्या एका म्हाताऱ्या बाबांनी विचारलं, "झालं का रं बाबा नीट?" आणि त्यांचाच अर्ज पहिला गेला. रात्री साडेअकराला केंद्राचं शटर खाली आलं, तेव्हा बाहेर कुणी उभं नव्हतं. मामांनी पैसे घेतले नाहीत. दुसऱ्या दिवशी त्यांनी स्वतःच्या विम्याचा अर्ज आणला, त्याच मशीनवर भरला, आणि तो एक रुपया मात्र मोजून दिला.

याला जुगाड म्हणून टाळ्या वाजवणाऱ्यांचा मला आता कंटाळा येतो. जुगाड ही अडचणीतल्या माणसाची वेठबिगारी आहे. मामांचा अर्धा रविवार, माझा अर्धा रविवार, पोराचा जीव टांगणीला, आणि बाहेर चाळीस-पन्नास माणसं उन्हा-पावसात. हे सगळं कशानं? चार भोकं बोर्डावर जास्तीची नव्हती म्हणून.

केंद्र सरकारच्या ग्राहक व्यवहार विभागानं जुलै २०२२ मध्ये दुरुस्तीच्या अधिकारावर समिती नेमली, निधी खरे तिच्या अध्यक्ष. त्याच वर्षी २४ डिसेंबरला, ग्राहक दिनी, पोर्टल सुरू झालं. त्यात शेतीची अवजारं, मोबाइल-टॅब्लेट, घरातली उपकरणं आणि वाहनं हे विषय धरले. शेतीची अवजारं यादीत पाहून मला बरं वाटलं. पण पोर्टलवर कंपनीचा सर्व्हिस नंबर मिळणं वेगळं आणि सुटा भाग गेवराईत मिळणं वेगळं. ई-कचऱ्याचे नवे नियमही १ एप्रिल २०२३ पासून लागू झाले, त्यांचा भर मात्र वस्तू मोडून धातू काढण्यावर. मोडण्याआधी ती दुसऱ्या कशाला तरी बसते का, हा प्रश्न कुणाच्या टेबलावर येतो ते मला दिसलेलं नाही. साध्या गोष्टीही चालतील. सरकारी शाळा, ग्रामपंचायती, सेतू केंद्रं यांच्यासाठी दरवर्षी कॉम्प्युटरच्या निविदा निघतात. त्यात एक ओळ घाला की कूलर नट-बोल्टनं बसणारा हवा आणि त्याच्या मापाचा कागद डब्यात हवा. आमदार-खासदारांपैकी कुणी हे वाचत असेल तर हे काम त्यांच्या एका पत्राचं आहे.

केंद्रातलं ते मशीन अजून चालू आहे. दोन वर्षं झाली, ट्यूबच्या चकत्या एकदा बदलल्या. पण १४ ऑक्टोबर २०२५ ला विंडोज १० चा आधार संपला आणि विंडोज ११ ला हा चौथ्या पिढीचा प्रोसेसर चालत नाही. प्रोसेसर गार आहे, धडधाकट आहे, फॉर्म भरण्याइतका वेग आहे, तरी नव्या यादीत त्याचं नाव नाही. या भोकाला कानस लागत नाही. सध्या पोरानं त्यावर लिनक्स टाकून बघितलंय. ब्राउझर चालतो, छपाई चालते, बोटाचा ठसा घेणारं यंत्र मात्र अजून ऐकत नाही. त्यावर काम चालू आहे, कुणाला जमत असेल तर या.

आणि हो. मागच्या महिन्यात आणखी दोन केंद्रांची आणि एका शाळेची मशीन अशीच पंख्यावाचून बंद असल्याचं कळलं. मामा हात द्यायला तयार आहेत. तुमच्या माळ्यावर, दुकानाच्या मागं, जुन्या सायबर कॅफेच्या खोलीत ७७५ चे कूलर पडले असतील तर भंगारवाल्याला किलोवर देऊ नका, माझ्या ऑफिसात आणून टाका. पंखा फिरत असला म्हणजे झालं. खिट्ट्या तुटलेल्या असल्या तरी चालतील, त्या आपल्याला काढायच्याच आहेत.